फळा पुसून निघालेले मास्तर

सहाशे चौदावा फोटो काढला आणि मास्तरांच्या कॅमेऱ्याने मान टाकली. बिघडला वगैरे नाही. पडद्यावर नम्रपणे लिहून दाखवलं, की कार्ड भरलं आहे, आत जागा नाही. संध्याकाळी परदेशातल्या लॉजच्या खोलीत परतल्यावर, खिडकीजवळच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. निघाल्यापासून ते याच क्षणाची वाट पाहत होते. या क्षणासाठी त्यांची पूर्ण तयारी होती.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. तेव्हा मास्तरांसारख्यांचा फोन बोलण्यापुरताच असायचा आणि फोटो काढायला कॅमेरा लागायचा. कॅमेऱ्यात नखाएवढं कार्ड असायचं, त्यात फोटो साठायचे. तेवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजेल. मास्तरांना ते ध्यानात होतं, तरी जे व्हायचं ते झालंच.

तयारी कसली, तर बॅकअपची. हा शब्द मास्तरांनी प्रथम ऐकला तो इमारतीच्या जिन्यात. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर भाजीची पिशवी घेऊन उभे होते. मास्तर जोडीने परदेशी निघालेत हे कळल्यावर त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. त्यांनी पिशवी खाली ठेवली म्हणजे अर्धा तास गेला असं आमच्या इमारतीत समजतात.

"मास्तर, माणूस परदेशी जातो, हजार फोटो काढतो आणि कॅमेरा टॅक्सीत विसरतो. माझ्या साडूचं झालं. परत आल्यावर नुसते हात हलवून सांगत बसला, इथे डोंगर होता, इथे तळं होतं. लोक किती ऐकणार? तुम्ही तीन प्रती करा. तीन पेन ड्राइव्ह घ्या आणि तीन वेगळ्या बॅगांत ठेवा. एक बॅग चोरीला जाते, दुसरी विमानवाले हरवतात, तिसरी उरते."

"आणि तिसरीही गेली तर?"

"मग तुम्ही दोघं परत आलात हेच खूप समजायचं."

तेवढ्यात समोरच्या वहिनींनी दार किलकिलं करून आपला अनुभव घातला. "आणि मास्तर, पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात ठेवू नका हं. आमच्या ह्यांचा एक दोनदा धुतला गेला. स्वच्छ निघाला, पण आतलंही सगळं स्वच्छ."

मास्तरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला होता. नकाशा दुसऱ्याने दाखवलेला त्यांना आवडत नसे, पण सूचना ते नेमाने उतरवून घेत. त्यांनी तीन पेन ड्राइव्ह घेतले, त्यांवर अ, ब आणि क अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि मगच पासपोर्ट शोधायला घेतला.

आता त्या सहाशे चौदा फोटोंविषयी. त्यांतले सहाशे तेरा मास्तरांचे होते आणि एक मास्तरीणबाईंचा.

मास्तरांचे फोटो म्हणजे दगड, पूल, नदीची वळणं, रस्त्यावरच्या गटारांची झाकणं आणि दिव्यांचे खांब. रविवारी दुपारी इमारतीतली दहा-बारा मुलं त्यांच्याकडे बसायची, त्यांना दाखवायला. "झाकण गोल का असतं?" असं विचारून मुलांचे चेहरे बघत बसण्याइतकं सुख मास्तरांना दुसऱ्या कशात नव्हतं. परदेशात लोक राजवाड्यासमोर उभे राहून फोटो काढत, तेव्हा मास्तर राजवाड्याकडे पाठ करून खाली वाकलेले असत. एकदा एका पोलिसाने त्यांना काही हरवलंय का असं विचारलं होतं.

मास्तरीणबाईंचा एकच फोटो होता, तो ताईचा. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन या शहरात आली आणि इथलीच झाली. गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन वर्षांत डॉक्टरकडे सोडून ती कुठे उतरली नव्हती. दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या त्या बावीस वर्षांनी. आणि ताई फोटो काढू देत नसे. "मी फोटोत रागावलेली दिसते. मग जन्मभर सांगत बसा, रागावले नव्हते म्हणून." कॅमेरा दिसला की ती तोंडावर वर्तमानपत्र धरायची. चार दिवस मास्तरांना वर्तमानपत्रच मिळालं.

शेवटच्या दुपारी दोघी मोरीपाशी भांडी पुसत होत्या. लहानपणची कसली तरी आठवण निघाली. ती पुरती सांगूनही झाली नाही, कारण दोघींना हसू आवरेना. ताईने ओला हात तसाच बहिणीच्या खांद्यावर टेकला, डोळे मिटले, आणि तेवढ्यात दारात उभ्या मास्तरांनी बटण दाबलं. तो सहाशे चौदावा.

मास्तरीणबाईंनी कॅमेऱ्याच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तो फोटो किती तरी वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "अहो, तुमची झाकणं राहिली काय, गेली काय. हा मात्र जपा. ताईचा हसतानाचा फोटो आमच्या घरात एकही नाही. आणि आता परत कधी येणं होतंय आपलं?"

"तीन प्रती करणार आहे," मास्तर म्हणाले.

लॉजच्या खालच्या दालनात पाहुण्यांसाठी एक संगणक होता. त्याच्यावर भिंतीला नियमांची पाटी. वहीत सही करावी, अर्ध्या तासाहून जास्त बसू नये, काम संपल्यावर आपली सामग्री काढून टाकावी. मास्तरांना ही पाटी इतकी आवडली की त्यांनी तिचा फोटो काढायला कॅमेरा उचलला आणि जागा नाही हे आठवून खाली ठेवला. काउंटरवरची बाई मदतीला आली. तिने कार्ड यंत्रात घातलं आणि सगळे फोटो संगणकात उतरवायला लावले. त्याला पाऊण तास लागला. मागे एक मिशीवाले प्रवासी आपली पाळी धरून उभे होते, ते उसासे टाकू लागले.

"आता पेन ड्राइव्ह द्या, मी करून देते," बाई म्हणाली.

मास्तरांनी हात वर करून तिला थांबवलं. पुढचं त्यांना येत होतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी शिक्षकांसाठी तीन दिवसांचं संगणक प्रशिक्षण झालं होतं, आणि त्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट करून घरी कपाटात होतं. तीन दिवसांतला एक उद्घाटनात गेला आणि एक वीज नसल्यामुळे, पण प्रमाणपत्र पूर्ण होतं.

त्यांनी सगळे फोटो निवडले, यादी उघडली, त्या यादीतलं एक नाव त्यांना ओळखीचं वाटलं, ते दाबलं. दोन सेकंदांत सहाशे चौदा नावं पेन ड्राइव्हवर हजर. बाकीच्या दोन्हींवरही तसंच.

"इतक्यात झालं?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्या बाईला पाऊण तास लागला होता."

"तेव्हा यंत्र गार होतं."

"अहो, पण तपासा तरी."

हे सांगावं लागलं याचंच मास्तरांना वाईट वाटलं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून न तपासलेली वही गेली नव्हती. ते वहीत सही करून बसले आणि एकेक फोटो उघडून पाहू लागले. दगड उघडला. पूल उघडला. झाकणं एकामागून एक उघडली. ताई हसताना उघडली. अर्धा तास झाला की ते उठत, मिशीवाल्यांना बसू देत, आणि ते उठले की पुन्हा सही करून बसत. तीन पेन ड्राइव्ह मिळून एक हजार आठशे बेचाळीस फोटो त्यांनी त्याच यंत्रावर तपासले. शिवाय प्रत्येक फोटोच्या चित्राखाली कोपऱ्यात एक लहानशी वाकडी रेघ आलेली होती, टोक वर गेलेली. ती पाहून तर त्यांचं मन भरून आलं. यंत्रसुद्धा बरोबरची खूण करतं!

ती खूण बरोबरची नव्हती. तो बाण होता. पण ते पुढे.

तपासून झाल्यावर मास्तर उठायला लागले आणि थांबले. तास संपला की फळा पुसूनच वर्गाबाहेर पडायचं, हा त्यांचा चौतीस वर्षांचा नेम. पुढच्या शिक्षकाला आपली खडूची रेघसुद्धा दिसता कामा नये. भिंतीवरची पाटीही तेच सांगत होती. त्यांनी संगणकातले सहाशे चौदा फोटो पुसले. पुसलेले फोटो संगणक एका कचऱ्याच्या पेटीत ठेवतो हे त्यांना प्रशिक्षणाच्या उरलेल्या दिवशी कळलं होतं, म्हणून ती पेटीही रिकामी केली. मग कॅमेऱ्यातलं कार्डही स्वच्छ केलं, पुढच्या प्रवासाला जागा हवी म्हणून. काउंटरवरच्या बाईने त्यांची टापटीप पाहून मान डोलावली. अ मास्तरांच्या पाकिटात गेला, ब मास्तरीणबाईंच्या पर्समध्ये, आणि क मोठ्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यात.

दुसऱ्या दिवशी ते आगगाडीने तळ्याकाठच्या एका गावी गेले. तिथे पाच दिवसांत मास्तरांनी आणखी तीनशे फोटो काढले. धरण, धरणाचे दरवाजे, दरवाजांची बिजागरं.

पाचव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, इथेही खाली संगणक आहे. तो ताईचा फोटो मोठा करून दाखवा ना एकदा."

मास्तरांनी अ लावला. नावं सगळी होती. बरोबरच्या खुणाही होत्या. त्यांनी सहाशे चौदाव्यावर दाबलं. पडद्यावर एक पिवळा त्रिकोण आला आणि खाली ओळ, की ही वस्तू जिथे होती तिथे सापडत नाही.

"दुसरा बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

पूल सापडत नव्हता. दगड सापडत नव्हते. मास्तरांनी ब लावला. पिवळा त्रिकोण. ते खोलीत गेले, मोजा घेऊन आले, मोज्यातून क काढला. लोकरीचा धागा त्याला चिकटला होता, तो सोडवला आणि क लावला.

पिवळा त्रिकोण.

खोटं बोलणाऱ्या मुलाला मास्तर नेहमी तीन वेळा विचारायचे. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तर ते खरं मानायचे. आता ते खुर्चीत बसून राहिले. मास्तरीणबाईंनी चहाचे दोन्ही कप उचलले आणि दुसऱ्या टेबलावर नेऊन ठेवले, आणि ते तिथे का ठेवले हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मास्तरांनी पहिला फोन जुन्या लॉजला लावला. काउंटरवरची बाई आनंदाने म्हणाली, हरवलेल्या वस्तूंसाठी अर्ज आहे, मी लिहून घेते.

"वस्तू काय?"

"फोटो."

"नग किती?"

"सहाशे चौदा."

"रंग?"

मास्तरांनी दगड आठवले. "बहुतेक राखाडी."

"खोलीत कुठे ठेवले होते?"

"संगणकात ठेवले होते. मग मीच पुसले."

थोडा वेळ नुसता कागदाचा आवाज आला. "म्हणजे हरवले नाहीत. तुम्ही टाकून दिले. त्याला वेगळा अर्ज असतो, पण तो आमच्याकडे नाही." शिवाय रोज पहाटे तो संगणक स्वतःला मुळापासून साफ करतो, हेही तिने सांगितलं. मास्तरांच्या टापटिपीची तशी काही गरजच नव्हती.

दुसरा फोन कॅशियरांना. का लावला, हे विचारू नका. बुडता माणूस जे हाताला लागेल ते धरतो, आणि मास्तरांना हाच नंबर पाठ होता.

"तीन प्रती केल्या होत्या ना?" कॅशियर म्हणाले.

"केल्या होत्या."

"तीन बॅगांत?"

"तीन बॅगांत."

"बॅगा आहेत?"

"आहेत. सगळ्या आहेत."

"मास्तर," कॅशियर म्हणाले, "असं आमच्या साडूचंही झालं नव्हतं."

गावात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याचं एक दुकान होतं. अरुंद, काउंटरवर निळा कागद, त्यावर उघडे कॅमेरे आणि बारीक स्क्रू. दुकानदाराचा चष्मा कपाळावर होता आणि तो बोलायला लागला की चष्मा खाली आणायचा, ऐकायला लागला की वर. मास्तरांनी तिन्ही पेन ड्राइव्ह त्याच्यासमोर ओळीने मांडले. त्याने अ पाहिला, ब पाहिला, आणि क न पाहताच परत दिला.

"तुम्ही काय करत होतात?" त्याने विचारलं.

"शिक्षक होतो."

"मग लवकर समजेल. पुस्तकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका असते. पहिला धडा पान पाच, दुसरा धडा पान नऊ. बरोबर? तुम्ही अनुक्रमणिका उतरवून घेतलीत. तीन वेळा. सुंदर अक्षरात. मग पुस्तक जाळलंत."

"पण मी तपासले होते! प्रत्येक उघडत होता!"

"पुस्तक तेव्हा शेजारीच होतं ना. पान पाच म्हटलं की यंत्र पान पाच काढून दाखवत होतं."

"आणि ती बरोबरची खूण?"

"तो बाण आहे. म्हणजे, वस्तू इथे नाही, तिकडे आहे."

मास्तरांनी आयुष्यात हजारो मुलांना गोष्टी समजावल्या होत्या. इतक्या थोडक्यात आणि इतकं लख्ख त्यांना कोणी काही समजावलं नव्हतं. त्यांना त्या माणसाचा राग आला आणि त्याच्या शिकवण्याचं कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम.

"कार्डावरून पुसलेले फोटो कधी कधी परत निघतात," दुकानदार म्हणाला. मास्तरीणबाई पुढे सरकल्या. "म्हणजे पुसल्यावर त्याच्यावर दुसरं काही लिहिलं नसेल तर. पुसल्यानंतर फोटो काढलेत?"

"थोडे," मास्तर म्हणाले.

"तीनशे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बिजागरांचे."

दुकानदाराने चष्मा खाली घेतला, मास्तरांकडे पाहिलं आणि चष्मा पुन्हा वर केला. दुपारी या, म्हणाला.

दुपारी त्याने बरंच काही परत आणलं होतं. झाकणं शंभर, खांब पन्नास, दगड तर बहुतेक सगळे. दगडांना काही होत नाही. सहाशे चौदावाही निघाला होता, पण त्याचा फक्त वरचा चौथा भाग. बाकीच्या जागेवर बिजागर बसलं होतं, म्हणून खाली सगळं राखाडी. वरच्या पट्टीत ताईच्या स्वयंपाकघराची भिंत दिसत होती, भिंतीवरचं गोल घड्याळ आणि घड्याळाखाली पांढऱ्या केसांची एक बट. कोणाची ते कळत नव्हतं. दोघींचेही केस पांढरेच.

मास्तरीणबाईंनी ती पट्टी पाहिली.

"घड्याळ छान आलंय," त्या म्हणाल्या.

संसारात मास्तरांनी बायकोचं रागावणं ऐकलं होतं, रुसणं पाहिलं होतं, एकदा तर त्यांच्यामुळे बँकेची किल्ली विहिरीत पडली होती तेव्हाचं बोलणंही सोसलं होतं. पण या तीन शब्दांनी त्यांना जमिनीत गाडलं. लॉजवर परत येताना ते दोन पावलं मागे चालत होते. वाटेत अगदी चौकोनी असं एक झाकण लागलं. चौकोनी झाकण मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते त्याच्यावरून तसेच चालत गेले.

खोलीत आल्यावर ते म्हणाले, "आपलं विमान ताईंच्या शहरातूनच आहे. आगगाडीतून उतरल्यावर चार तास आहेत हातात."

"तिचं घर स्टेशनपासून तास दीड तास. जाऊन यायचं म्हटलं तर विमान गेलं." मास्तरीणबाई घडी घालत होत्या. त्याच साडीची तिसऱ्यांदा.

मास्तरांनी फोन उचलला. मोठ्या मेव्हणीला आपल्या तोंडाने ही हकिकत सांगायची, यापेक्षा त्यांनी शाळा तपासणीच्या दिवशी साहेबांना उलटा नकाशा दाखवलेला बरा होता. पण त्यांनी सांगितलं. अनुक्रमणिकेसकट.

पलीकडे ताई ऐकत होती. "म्हणजे मास्तर, मी बावीस वर्षांत एकदा फोटोत हसले आणि तो तुम्ही पुसून टाकलात?"

"हो."

"नीट पुसलात?"

"अगदी नीट."

"कोणत्या स्टेशनावर उतरताय?"

"ताई, अहो पण तुमचे गुडघे, तीन जिने..."

"गुडघे माझे आहेत. गाडी किती वाजता पोचते तेवढं सांगा."

मास्तरांनी त्याच दुकानातून नवं कार्ड आणलं. या वेळी चूक होऊ द्यायची नव्हती. परीक्षेआधी उजळणी हवी, म्हणून आगगाडीत बसल्यापासून त्यांनी सराव सुरू केला. मास्तरीणबाईंना खिडकीशी बसवून फोटो काढायचा, पाहायचा, पुसायचा. पुन्हा काढायचा. "जरा हसून दाखव." "ताई आली की हसेन." असे त्यांनी एकशे दहा फोटो काढले आणि एकशे दहा पुसले. स्टेशन यायला दहा मिनिटं असताना त्यांचा हात बसला होता, अंतर ठरलं होतं, सगळं तोंडपाठ झालं होतं, आणि कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

चार्जर होता. त्या देशातल्या भिंतीत तो बसवायला जो जोड लागतो, तो तळ्याकाठच्या लॉजच्या भिंतीतच राहिला होता. आणि हे फळा पुसून निघणाऱ्या माणसाकडून.

ताई फलाटाच्या तोंडाशी बाकावर बसली होती. काठी दोन्ही हातांनी धरलेली, घरातलाच स्वेटर, पायात एकीकडे बांधायचा राहून गेलेला बूट. तीन जिने उतरायला तिला चाळीस मिनिटं लागली होती आणि टॅक्सीवाला खाली थांबून होता. धाकटी धावत गेली. तिने आधी खाली बसून ताईचा बूट बांधला आणि मग तिला मिठी मारली.

"मास्तर, काढा पटकन," ताई म्हणाली. "माझा विचार बदलायच्या आत."

मास्तरांनी बॅटरीचं सांगितलं.

दोघी बहिणींनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं इतकं सारखं होतं की या दोघी बहिणी आहेत हे कोणत्याही परक्या माणसाला सांगता आलं असतं. मास्तर खाली मान घालून उभे राहिले. आत्ता इथे फरशी दुभंगली तर बरं, असं त्यांना वाटलं. फरशी चांगली बसवलेली होती. ती दुभंगली नाही.

"ते काय आहे?" ताईने काठीने दाखवलं.

तिकीट खिडकीच्या बाजूला कपाटासारखी एक खोली होती. अर्धा पडदा, आत एक गोल स्टूल. पासपोर्टसाठी फोटो काढायचं यंत्र. नाणी टाकायची, बसायचं, यंत्र आपलं आपण फोटो काढून बाहेर देतं. सुट्टी नाणी ताईच्या पर्समध्ये होती.

दोघी आत शिरल्या. एका स्टुलावर एक बसते. तिथे दोघी बसल्या, अर्ध्या-अर्ध्या, एकमेकींना कमरेने धरून. यंत्र बाईच्या आवाजात बोलू लागलं. चष्मा काढावा. ओठ मिटावेत. चेहऱ्यावर कोणताही भाव नसावा. मग प्रकाश पडला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: दोन चेहरे आढळले. फोटो नामंजूर. दोन संधी शिल्लक.

"नामंजूर केलं मेल्यानं," ताई म्हणाली. धाकटीला हसू फुटायला लागलं.

बाहेर मास्तर सूचनांचा तक्ता वाचत होते. ते इतके दिवस काही करू शकले नव्हते. इथे निदान सूचना होत्या. "ताई, तुम्ही जरा पुढे. आणि अगं, तू ताईंच्या मागे लप, म्हणजे यंत्राला एकच चेहरा वाटेल."

धाकटी मागे लपली. प्रकाश पडला. डोक्याच्या मागे डोकं आढळलं. नामंजूर. एक संधी शिल्लक.

"माझ्या मागे लप म्हणे! मी काय दार आहे?" ताई म्हणाली, आणि मग दोघींना ते हसू आलं, मोरीपाशी आलेलं. स्टूल डगमगू लागलं. यंत्र गंभीरपणे म्हणत होतं, चेहऱ्यावर भाव नसावा. आत काठी पडली. मास्तरांचा धीर सुटला. शेवटची संधी, टॅक्सी बाहेर उभी, विमान समोर, आणि या दोघी! त्यांनी पडदा बाजूला सारला, मान आत घातली, बोट उभारलं आणि चौतीस वर्षांच्या आवाजात ओरडले, "हसू नका! तोंडं मिटा!"

प्रकाश पडला.

यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. मग बाहेरच्या खाचेतून एक कागद आला, ओला, गरम, त्यावर एकाच फोटोच्या चार प्रती. ताई डोळे मिटून हसते आहे, धाकटीचं तोंड तिच्या खांद्यात अर्धं बुडालं आहे, आणि कडेने मास्तरांचं अर्धं तोंड आणि एक भलं मोठं बोट आत घुसलं आहे. खाली छापलं होतं: तीन चेहरे आढळले. हा फोटो कोणत्याही अधिकृत कामासाठी ग्राह्य नाही.

ताईने तो लांब धरून पाहिला. "रागावलेली दिसत नाही मी," ती म्हणाली. "मास्तर दिसतात."

टॅक्सीपर्यंत दोघी हात धरून गेल्या. मास्तर मागून काठी घेऊन. दार लावल्यावर ताईने काच खाली केली. टॅक्सी वळेपर्यंत काच खालीच होती. मग पुष्कळ वेळ मास्तरीणबाई तिथेच उभ्या होत्या आणि मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

विमानात बसल्यावर मास्तरीणबाईंनी छोटी कात्री मागायला हवाईसुंदरीला हाक मारली. कात्री मिळाली नाही, म्हणून उलटसुलट घडी घालून, नखाने दाबून, त्यांनी प्रती वेगळ्या केल्या. एक ताईला स्टेशनवरच फाडून दिली होती. एक त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. एक पासपोर्टात.

"एक मोठ्या बॅगेत ठेवायची का?" मास्तरांनी हळूच विचारलं. "मोज्यात?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. उरलेली प्रत त्यांनी दोन बोटांत धरून ठेवली होती. बराच वेळ विचार केला, आणि मग ती त्यांच्या हातात दिली.

"पुसू नका," त्या म्हणाल्या, आणि डोकं टेकून डोळे मिटले.

मास्तरांनी तो फोटो शर्टाच्या खिशात ठेवला. मग समोरच्या वहिनींचं आठवून पाकिटात ठेवला. घरी पोचेपर्यंत दर अर्ध्या तासाने ते पाकीट काढून तपासत होते. फोटो दर वेळी उघडत होता.